युरोपात द्राक्षाच्या रेसिड्यूची (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची) मर्यादा नक्की ठरवतं कोण? कौन्सिल, कमिशन की पार्लमेंट?

सावळजचा_बागायतदार
रामराम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय लांबचा हाय पण आमच्या पोटाशी लागलेला हाय म्हणून विचारतो.

चार एकर बाग, त्यातला दोन एकरांचा प्लॉट ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी) नोंदवलेला. गेल्या हंगामात काढणीआधी सॅम्पल गेलं आणि एका औषधाच्या रेसिड्यूत प्लॉट नापास झाला. फवारणी छाटणीनंतरच्या सुरवातीच्या दिवसातली, पीएचआय (फवारणी ते काढणीमधले ठरलेले दिवस) पाळलेला, वहीत नोंद हाय. पण युरोपनं त्या औषधाची मर्यादा मध्येच खाली आणली होती आणि ती बातमी आमच्या शिवारात यायच्या आत फवारणीचा ब्लोअर फिरून गेला होता. शेवटी थोडा माल लोकलला दिला, राहिलेला रॅकवर टाकून बेदाणा केला. जे झालं ते झालं.

पण तवापासून एक गोष्ट कळंना. ज्याला माल देणार होतो तो एक्सपोर्टर म्हणाला युरोपियन कौन्सिलनं नियम बदलला. लॅबमधला पोरगा म्हणाला कमिशननं बदलला. पुतण्या म्हणाला काका तिथं पार्लमेंट हाय, कायदा तेच करतं. तिघांनी तीन मालक सांगितले. आपल्या साखर कारखान्यात चेअरमन कोण, एमडी कोण, सही कुणाची चालते हे बारक्या पोराला ठाऊक असतं. मग युरोपात सही कुणाची चालते? आणि आपलं म्हणणं मांडायचं झालं तर दार कुठलं वाजवायचं?

हळदपेठ_सांगली
फॉलो करतोय. बेदाण्याला पण हाच ताप आहे.

मिरजेच्या_बाई
दादा, आधी नावं सोडवून घेऊ, निम्मा घोळ तिथंच आहे. कौन्सिल नावाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

युरोपियन कौन्सिल म्हणजे 27 देशांचे पंतप्रधान नाहीतर राष्ट्राध्यक्ष एका टेबलाला बसतात ती. दिशा ठरवायची, मोठ्या भांडणात मार्ग काढायचा एवढंच तिचं काम, कायदा ती करत नाही. तिचा अध्यक्ष अडीच वर्षांसाठी निवडतात, 1 डिसेंबर 2024 पासून पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोस्ता आहेत.

दुसरी साधी कौन्सिल, ही मंत्र्यांची. शेतीचा विषय असेल तर 27 देशांचे शेतीमंत्री येतात, पैशाचा असेल तर अर्थमंत्री. अशा 10 प्रकारच्या बैठका असतात पण कागदावर संस्था एकच. कायदा ही कौन्सिल करते, पार्लमेंटच्या जोडीनं.

तिसरी कौन्सिल ऑफ युरोप, ही युनियनची नाहीच. 1949 सालची, स्ट्रासबर्गला, 46 देशांची, मानवी हक्कांचं काम. झेंडा मात्र दोघांचा एकच, निळ्यावर बारा सोनेरी तारे. त्यांनी तो 1955 ला घेतला आणि युरोपियन समुदायानं 1985 ला तोच स्वीकारला, त्यामुळं फोटो बघून भले भले पत्रकार चुकतात. मी नववीच्या वर्गात हे शिकवताना फळ्यावर तीन चौकोन काढते, तरी दरवर्षी निम्मी मुलं तिन्ही एकात मिसळतात.

म्हणजे तुमच्या एक्सपोर्टरनं सांगितलेलं नाव तर नक्कीच चुकीचं आहे.

पलूसची_एमपीएससीवाली
बाई परफेक्ट 🙏 मी पूर्वपरीक्षेत एकदा ह्याच प्रश्नाला मार्क घालवलेत.

फोंड्याचा_सांगलीकर
कोस्ता म्हणजे आपल्या शेजारचेच की. वडिलांकडचं घराणं मडगावचं, घरात लाडानं बाबुश म्हणतात त्यांना. ओसीआय कार्ड पण आहे. फोंड्यात ते अध्यक्ष झाले तेव्हा चहाच्या टपरीवर चर्चा होती.

सावळजचा_बागायतदार
बाई, धन्यवाद. म्हंजे पंतप्रधानांची एक, मंत्र्यांची एक आणि तिसरी आपल्या कामाची नाही. मग कमिशन म्हंजे काय? आयोग? आपल्याकडं आयोग म्हटलं की अहवाल देणार आणि कपाटात जाणार.

कराडकर_जर्मनीत
नाही दादा, तिथं कमिशन म्हणजे सरकारासारखं आहे. मी हॅम्बुर्गजवळ 11 वर्षं आहे, इथली सामान्य माणसंसुद्धा "ब्रुसेल्सनं केलं" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात कमिशनच असतं.

27 कमिशनर, प्रत्येक देशाचा एक. पण माणूस देशानं पाठवला तरी शपथ घेतली की देशाचं ऐकायचं नाही, सगळ्या युनियनचं हित बघायचं, कुठल्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत. अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन, 2019 पासून, दुसरी टर्म डिसेंबर 2024 ला सुरू झाली. 2025 च्या फेब्रुवारीत त्या आपलं कमिशनर मंडळ घेऊन दिल्लीला आल्या होत्या, आठवत असेल.

मुख्य मुद्दा असा की कायद्याचा पहिला मसुदा मांडायचा हक्क जवळपास फक्त कमिशनला. पार्लमेंटच्या सभासदाला आपल्या खासदारासारखं स्वतःचं विधेयक टाकता येत नाही, पार्लमेंट फक्त कमिशनला सांगू शकतं की ह्या विषयावर मसुदा आणा. मसुदा आला की मग पार्लमेंट आणि मंत्र्यांची कौन्सिल दोघांनी त्यात दुरुस्त्या करायच्या आणि दोघांचं एकमत झालं तरच कायदा.

विट्याचा_करसल्लागार
कारखान्याच्या भाषेत सांगू का दादा. कमिशन म्हणजे एमडी आणि सगळी खाती, ठराव तेच तयार करून आणतात. मंत्र्यांची कौन्सिल म्हणजे संचालक मंडळ, प्रत्येक गटाचा एक माणूस आणि आपल्या गटाच्या उसाचं बघणारा. पार्लमेंट म्हणजे थेट सभासदांनी निवडलेले प्रतिनिधी. आणि युरोपियन कौन्सिल म्हणजे निवडणुकीच्या आदल्या रात्री वाड्यावर बसतात ते नेते 😄 ठरावावर सही नाही पण त्यांनी मान हलवल्याशिवाय पान हलत नाही.

मिरजेच्या_बाई
शेवटचं उदाहरण मुलांना सांगता येणार नाही पण अगदी चपखल आहे 😄 फक्त एक फरक धरा, 2009 च्या लिस्बन करारानंतर ती वाड्यावरची बैठकसुद्धा अधिकृत संस्था झाली, तिला कायम अध्यक्ष मिळाला. त्याआधी तिचा अध्यक्ष सहा महिन्यांनी बदलायचा.

वाईकर
सहा महिन्यांची पाळी अजून मंत्र्यांच्या कौन्सिलला आहे ना? की ती पण गेली?

मिरजेच्या_बाई
आहे ना. 2025 ला आधी पोलंड मग डेन्मार्क, 2026 च्या पहिल्या सहामाहीत सायप्रस, नंतर आयर्लंड. फक्त परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीला पाळी नाही, तिथं युनियनच्या परराष्ट्र प्रतिनिधी काया कालास अध्यक्ष असतात.

सावळजचा_बागायतदार
सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीसारखंच की. लहान भावाचा एक एकर असला तरी पाळी त्याला पण येते.

वाईकर
दादा तुम्ही विहीर म्हणालात ते फार खरं आहे, कारण सुरवातच तशी झाली. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले. तेव्हा 9 मे 1950 ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान म्हणाले की दोघांचा कोळसा आणि पोलाद एका वरच्या मंडळाच्या हाती देऊ, म्हणजे लढाई करायची म्हटली तरी जमणार नाही. 1951 ला पॅरिसचा तह झाला, सहा देश, आणि त्या मंडळाचे पहिले अध्यक्ष झां मोने. आजचं कमिशन हे त्याच मंडळाचा वारस. भावाभावांनी विहीर सामाईक केली आणि पाटाला कुलूप लावून किल्ली तिसऱ्याकडं दिली.

आम्ही साताऱ्याची माणसं ह्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला, फौजा शिंदे होळकर गायकवाड भोसल्यांकडं. थोरले शाहू महाराज होते तोवर प्रत्येकाला साताऱ्याचा शब्द होता. 1749 ला ते गेले आणि पुढं सगळं माणसांच्या वजनावर चाललं, माधवरावांसारखा पेशवा असला की बसतं नाहीतर उसवतं. कोणाचा हक्क कुठवर हे सगळ्यांनी मिळून लिहून ठेवलेलं आणि मोडलं तर जाब विचारणारं वरचं न्यायासन, हे आपल्याकडं उभं राहिलं नाही. साताऱ्याचा किल्ला चढताना हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो आणि वाईट वाटतं.

कृष्णाकाठ_औदुंबर
वाईकर, तुलना ताणताय. अठराव्या शतकात जगात कुठं होतं असलं न्यायासन? तिकडं पण होली रोमन एम्पायर (जर्मन संस्थानांचं जुनं साम्राज्य) विस्कटलंच की. आणि लिहून ठेवलेलं नव्हतं असं कसं म्हणता, वारणेचा तह 1731 चा, सातारा आणि कोल्हापूर दोघांनी हद्द ठरवून घेतली, आणि हद्द धरली ती आमच्या वारणेचीच.

वाईकर
वारणेचा तह मान्य. माझं म्हणणं मोडला तर काय, एवढंच. होली रोमन एम्पायरचं म्हणाल तर तिथं शाही न्यायालय 1495 पासून होतं, संस्थानिक एकमेकांवर दावे लावायचे त्यात. म्हणजे त्यांना ती सवय जुनी होती.

कृष्णाकाठ_औदुंबर
हे माहीत नव्हतं. घेतो मागं.

वकील_सातारा
न्यायासनाचा विषय निघालाच आहे तर लिहितो, माझ्या आवडीचा भाग आहे. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे, प्रत्येक देशाचा एक न्यायाधीश. (स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय वेगळं, ते बाईंनी सांगितलेल्या तिसऱ्या कौन्सिलचं.)

हे न्यायालय मोठं झालं ते एका लाइट बिलापायी. इटलीनं वीज कंपन्या सरकारी केल्या तेव्हा मिलानमधले कोस्ता नावाचे एक वकील, ज्यांचे जुन्या कंपनीत शेअर होते, त्यांनी बिल भरायला नकार दिला. रक्कम दोन हजार लिऱ्यांच्या आत, म्हणजे किरकोळ. म्हणाले हा कायदा रोमच्या कराराविरुद्ध (युरोपच्या देशांच्या मूळ कराराविरुद्ध) आहे. प्रकरण लक्झेंबर्गला गेलं. 1964 ला न्यायालयानं वीजबिलाच्या पलीकडं जाऊन सांगून टाकलं की युरोपचा कायदा आणि देशाचा कायदा यांची टक्कर झाली तर युरोपचा वर. करारात हे वाक्य कुठंही नव्हतं. आज अख्खी युनियन ह्या वाक्यावर उभी आहे. मी तालुका कोर्टात किरकोळ रकमेच्या दाव्यात उभा राहतो तेव्हा ज्युनिअर पोरांना हे प्रकरण आवर्जून सांगतो, की रकमेवरून दाव्याची किंमत करू नका.

आणि नुसतं बोलून थांबत नाहीत. आश्रयाच्या कायद्याबाबतचा आधीचा निकाल पाळला नाही म्हणून जून 2024 मध्ये हंगेरीला 20 कोटी युरो दंड, वर पाळेपर्यंत रोजचे 10 लाख युरो. देशाला दंड! दावा लावणारं कमिशन.

हळदपेठ_सांगली
आणि देशानं दंड भरलाच नाही तर? पोलीस आहेत का ब्रुसेल्सला?

वकील_सातारा
पोलीस नाहीत. पण त्या देशाला युनियनकडून मिळणाऱ्या पैशातून कापून घेता येतात. सोसायटी उसाच्या बिलातून कर्ज वळतं करून घेते तसंच.

कृष्णाकाठ_औदुंबर
आमच्या कृष्णेला असलं काही असतं तर. 2005, 2019, 2021, तीन महापूर बघितले ह्या डोळ्यांनी. 2019 ला औदुंबरचं देऊळ पाण्यात, सांगलीत दुसऱ्या मजल्यापर्यंत होड्या. दर वेळी अलमट्टीवरून दोन राज्यं समोरासमोर. बच्छावत लवाद झाला, ब्रिजेशकुमार लवादानं 2010 ला निकाल दिला, अलमट्टीची उंची 524.256 मीटरला मान्यता दिली, तो निकाल सुप्रीम कोर्टात अडकला तो अजून राजपत्रात आलेला नाही. आपल्या दोन राज्यांच्या वर तर एक केंद्र आहे, एक सुप्रीम कोर्ट आहे. तरी विसर्ग किती सोडायचा हे पाऊस पडायला लागल्यावर फोनवर ठरतं. अलमट्टीमुळं पूर येतो का नाही ह्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत ते मला ठाऊक आहे, त्या वादात मला पडायचं नाही. पण रोजच्या पाण्याचा हिशेब दोघांना दिसेल असा एका जागी ठेवणारं, दोन्हीपैकी कुणाचंच नसलेलं कायमचं ऑफिस का असू नये? कमिशनर शपथ घेतो तशी शपथ घेणारा एक इंजिनिअर तरी.

पलूसची_एमपीएससीवाली
काका 🙏 2019 ला ब्रह्मनाळची बोट उलटली ती आमच्या तालुक्यातलीच. हा विषय निघाला की काहीच सुचत नाही.

मिरजेच्या_बाई
तुमचं दुःख आमचंही आहे काका. ह्यावर वेगळा धागा काढाच, सगळे लिहू.

विट्याचा_करसल्लागार
मूळ विषयाकडं येतो. मतदान कसं होतं हे राहिलं, आणि खरी चावी तिथंच आहे. मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये बहुतेक विषयांना दुहेरी बहुमत लागतं: 55 टक्के देश, म्हणजे 27 पैकी 15, आणि त्या देशांची लोकसंख्या मिळून युनियनच्या 65 टक्के. म्हणजे एकटे मोठे देश ढकलू शकत नाहीत आणि नुसते लहान देश मिळूनही नाही. अडवायचं असेल तर कमीत कमी चार देश लागतात.

आपल्या जीएसटी कौन्सिलशी ताडून बघा. तिथं केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्र नको म्हणालं की ठराव पडला. राज्याराज्यांत लोकसंख्या बघत नाहीत, गोवा आणि उत्तर प्रदेश सारखेच. मजा म्हणजे दोन्हीकडं प्रत्यक्ष मतदान टाळायची रीत. जीएसटी कौन्सिलमध्ये पहिल्यांदा मतदान झालं ते डिसेंबर 2019 ला, लॉटरीवरच्या करावरून, तोवर सगळं सहमतीनं.

कराडकर_जर्मनीत
ब्रुसेल्समध्ये पण तेच. मंत्री येण्याआधी राजदूतांची समिती सगळं घासून घेते, शेतीसाठी तर 1960 पासून वेगळी समिती आहे. जिथं आधीच जमलंय ते विषय मंत्र्यांच्या बैठकीत चर्चेविना पास.

हळदपेठ_सांगली
"मंजूर... मंजूर... मंजूर!" 😄 आमच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात वाचायच्या आधीच मागच्या रांगेतून येतो तो आवाज.

विट्याचा_करसल्लागार
पण कर, परराष्ट्र धोरण, नवा देश घेणं ह्याला मात्र सगळ्यांचं एकमत लागतं. एक देश नाही म्हणाला की गाडी थांबली. लक्झेंबर्गएवढ्या देशाचा एक "नाही" अख्ख्या युनियनला पुरतो. मला हे चूक वाटतं. एकाच्या हट्टापायी सव्वीस जणांनी का थांबायचं?

वाईकर
मला बरोबर वाटतं. लहान देश कशाच्या भरवशावर आत येणार मग? 1965 ला फ्रान्सच्या द गॉलनी ह्याच कारणावरून खुर्ची रिकामी ठेवली, सहा-सात महिने फ्रान्सचे मंत्री बैठकीलाच जाईनात. शेतीच्या पैशावरून सुरू झालेलं भांडण होतं. जानेवारी 1966 ला लक्झेंबर्गला तडजोड झाली की एखाद्या देशाच्या जिवावरचा विषय असेल तर मतदान न रेटता बोलत राहायचं. मोठा देश असं करू शकतो तर लहानाला निदान नकार तरी हवा.

विट्याचा_करसल्लागार
तुम्ही म्हणता ते देश वाचवायला ठीक. पण ह्या नकाराचा सौदा करतात त्याचं काय? आधी माझे अडकलेले पैसे सोडा मग तुमच्या ठरावाला हात वर करतो. हे आपण आपल्या सोसायट्यांत डोळ्यांनी बघितलंय. माझं मत बदलणार नाही.

पलूसची_एमपीएससीवाली
पार्लमेंटबद्दल कुणी लिहिलंच नाही. 720 सभासद, दर 5 वर्षांनी थेट निवडणूक, 1979 पासून. जागा लोकसंख्येवर पण लहानांना झुकतं माप, जर्मनीला 96 आणि माल्टाला 6. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगली मिरज कुपवाड महापालिकेएवढाच देश! त्याचे सहा खासदार आणि सध्या पार्लमेंटच्या अध्यक्ष रोबेर्टा मेत्सोला त्याच माल्टाच्या. मला हे वाचून इतकं भारी वाटलं. कुपवाडची मुलगी 45 कोटी लोकांच्या पार्लमेंटच्या खुर्चीत बसली असं समजा.

कराडकर_जर्मनीत
आणि हे पार्लमेंट फिरतं. मुख्य जागा स्ट्रासबर्ग, वर्षाला 12 अधिवेशनं तिथं. समित्यांचं काम ब्रुसेल्सला, सचिवालय लक्झेंबर्गला. दर महिन्याला कागदांच्या पेट्या घेऊन सगळे जातात येतात. बहुसंख्य सभासदांनाच हे नको आहे पण करारात लिहिलंय आणि करार बदलायला पुन्हा एकमत हवं, फ्रान्स देणार नाही.

2024 च्या निवडणुकीला जर्मनीत मतदानाचं वय 16 केलं होतं. शेजारच्या घरातली मुलगी अकरावीत, पहिल्यांदा मत देऊन आली आणि आमच्या घरी येऊन तासभर शेती आणि कीटकनाशकं ह्यावर बोलली. मला मत नाही, मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे, पण त्या दिवशी मला सावळज तासगाव आठवलं. तुमच्या घडावर काय चालेल ह्याचा विचार ती पोरगी करत होती.

हळदपेठ_सांगली
पण बाई, एक विचारतो. कमिशनला लोकांनी निवडलेलं नाही, मसुदा तेच आणणार, मग लोकशाही कुठं राहिली? इंग्लंडवाले ह्याच बोलीवर 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडले ना?

मिरजेच्या_बाई
रास्त प्रश्न आहे आणि युरोपातही तो अनेकजण विचारतात. थेट निवडलेलं नाही हे खरं. पण अध्यक्षाचं नाव पंतप्रधानांची कौन्सिल सुचवते, पार्लमेंट बहुमतानं निवडतं, प्रत्येक कमिशनरची पार्लमेंटच्या समितीपुढं तीन तास तोंडी परीक्षा होते आणि काही पडतातही. दोन तृतीयांश मतांनी पार्लमेंट अख्ख्या कमिशनला घरी पाठवू शकतं. 1999 च्या मार्चमध्ये झाक सांतेर यांच्या कमिशनवर गैरकारभाराचा अहवाल आला, तेव्हा मत पडायच्या आधी सगळ्यांनी राजीनामे दिले. आपल्याकडं किती मंडळं अशी गेली?

तरी माझं स्वतःचं मत सांगते. माणूस मत देतो आणि त्याच्या मतानं सरकार बदललेलं त्याला दिसतं, तो आनंद युरोपच्या निवडणुकीत मिळत नाही. ही उणीव आहे, ती मान्य केली पाहिजे.

फोंड्याचा_सांगलीकर
कमिशनचा एक आणि युरोपियन कौन्सिलचा एक, ह्या दोन अध्यक्षांचं काय, भांडत नाहीत का? 2021 ला तुर्कस्तानात एकच खुर्ची ठेवली होती ना.

कराडकर_जर्मनीत
हो, एप्रिल 2021, अंकारा. युरोपियन कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष शार्ल मिशेल तुर्कस्तानच्या अध्यक्षांशेजारी खुर्चीत बसले आणि उर्सुला बाईंना बाजूच्या सोफ्यावर बसावं लागलं. त्यांनी नंतर पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगितलं की मला एक बाई म्हणून आणि युरोपियन म्हणून एकटं वाटलं. आम्ही ते इथं टीव्हीवर बघितलं. बायको बराच वेळ गप्प होती.

सावळजचा_बागायतदार
मंडळी, लई शिकायला मिळालं, खरंच. काल रात्री शेडमध्ये बसून पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. पण माझ्या रेसिड्यूच्या आकड्यावर पार्लमेंटच्या 720 जणांनी हात वर केले का? एवढ्या औषधांचे एवढ्या पिकांवरचे आकडे, त्यांना एवढा वेळ असंल असं वाटत नाही.

मांजरीचा_पाहुणा
दादा, उशिरा आलो, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे म्हणून सविस्तर लिहितो. द्राक्ष तपासणीच्या क्षेत्रात आहे, मूळ कवठेमहांकाळचा.

दोन पायऱ्या वेगळ्या धरा. मूळ कायदा, ज्यात मर्यादा कशा ठरवायच्या हे लिहिलंय, तो 2005 चा 396 क्रमांकाचा. तो पार्लमेंट आणि मंत्र्यांच्या कौन्सिलनं मिळून केला. त्यामुळं तुमचा पुतण्या अर्धा बरोबर. पण त्याखालचा एकेक आकडा, म्हणजे अमुक औषध, द्राक्षावर, किलोमागं इतके मिलिग्रॅम, हा कमिशनच्या नियमानं येतो. लॅबमधला मुलगा पूर्ण बरोबर.

आकडा येतो कसा? इटलीतल्या पार्मा गावात युरोपची अन्नसुरक्षा संस्था आहे, एफ्सा. तिथले शास्त्रज्ञ अभ्यास करून मत देतात, फक्त मत. त्यावर कमिशन मसुदा करतं. तो मसुदा 27 देशांच्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीत मताला जातो, तिथंही करसल्लागारांनी सांगितलेलं तेच 55 आणि 65 टक्के. ती समिती हो म्हणाली की पार्लमेंट आणि कौन्सिलला हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते, आणि पार्लमेंट ती घेतं सुद्धा, 2024 मध्ये आयात मालावरच्या काही मर्यादा सैल वाटल्या म्हणून त्यांनी मसुद्यांना हरकत घेतली होती. हरकत नसेल तर नियम छापला जातो. ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला आपोआप 0.01, म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम.

समितीत कौल लागलाच नाही तर काय होतं तेही ऐका. ग्लायफोसेट तणनाशकाची मुदत 2023 ला संपत होती. तिथं सवाल मर्यादेचा नव्हता, मंजुरीचा होता, पण समिती त्याच घराण्यातली. देशांच्या मतांत ना होकाराला बहुमत ना नकाराला. अपील समितीत पुन्हा तेच. मग कायद्याप्रमाणं निर्णय कमिशनकडं आला आणि त्यांनी 10 वर्षं वाढवून दिली. उलट क्लोरपायरिफॉस ह्या कीटकनाशकाची मंजुरी जानेवारी 2020 ला काढून घेतली आणि नंतर त्याची मर्यादा सगळ्या पिकांवर 0.01 ला आली, आपल्या भागाला त्याचा दणका चांगलाच ठाऊक आहे.

आणि अजून एक. नियम ब्रुसेल्सचा असला तरी रॉटरडॅमला कंटेनर उघडणारा माणूस डच सरकारचा. युनियनचे स्वतःचे बंदरावरचे तपासनीस नाहीत. एका बंदरात माल पकडला की सगळ्या देशांना इशारा जातो, त्याचं जाळं 1979 पासून आहे.

हळदपेठ_सांगली
2010 च्या सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखणारं औषध) वेळी हेच झालं होतं ना? आपल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं आणि तिकडं सापडलं, कंटेनर अडकले. त्या साली तासगावात लोकांची लग्नं पुढं गेली होती.

मांजरीचा_पाहुणा
हो तेच. त्यानंतर आपली तपासणीची यादी खूप वाढली. ॲनेक्श्चर फाइव्ह (निर्यातीच्या द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी) दर हंगामाला बदलतं ते ह्यासाठीच, ते छाटणीआधी डाउनलोड करून घ्या, मागच्या वर्षीचं वापरू नका.

सावळजचा_बागायतदार
आता डोक्यात उजेड पडला. म्हंजे मसुदा कमिशनचा, कौल 27 देशांच्या अधिकाऱ्यांचा, हरकतीचा हक्क पार्लमेंटला, आणि तपासणार डच माणूस. मग आमचा शब्द ह्यात कुठं बसतो? आम्ही तर मतदार पण न्हाई.

मांजरीचा_पाहुणा
बसतो दादा, आणि हेच कुणी सांगत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळं युरोपला मर्यादा बदलायच्या आधी मसुदा सगळ्या देशांना कळवावा लागतो, आणि मत द्यायला साधारण 60 दिवस मिळतात. कोणतं औषध, कोणतं पीक, जुना आकडा, नवा आकडा, सगळं त्यात असतं. भारतातर्फे मत जातं ते केंद्र सरकारच्या ठरवून दिलेल्या कक्षाकडून. त्यांच्यापर्यंत अपेडामार्फत (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था), बागायतदार संघामार्फत म्हणणं पोचवता येतं. "नवा आकडा लागू करायची तारीख आमच्या काढणीनंतरची द्या" असं म्हणणं मांडलं तर ते वाजवी आहे, कारण आपली फळछाटणी ऑक्टोबरला आणि माल जातो जानेवारी ते एप्रिल. एवढं एक वाक्य नीट लिहून वेळेत गेलं पाहिजे.

वकील_सातारा
आणि म्हणण्याबरोबर फवारणीच्या वहीची प्रत जोडा. तारखा बोलतात.

कराडकर_जर्मनीत
भारत-युरोप व्यापार कराराचं पण लक्षात ठेवा. बोलणी 2022 ला पुन्हा सुरू झाली ती कमिशनशी, पण करार लागू व्हायला कौन्सिल आणि पार्लमेंट दोघांचा होकार लागतो, आणि काही करारांना प्रत्येक देशाच्या संसदेचाही. कॅनडाचा करार 2016 ला बेल्जियमच्या वालोनिया प्रांतानं अडवून धरला होता, लोकसंख्या आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त. शेतकऱ्यांच्याच काळजीपायी. आणि करात सूट मिळाली तरी 0.01 तो 0.01 च राहतो, रेसिड्यूला सूट नसते.

सावळजचा_बागायतदार
60 दिवस. छाटणी ते काढणी साधारण 120 ते 130 दिवस. म्हंजे मसुदा आला त्या दिवशी आमच्या हातात पडला असता तर ती फवारणी मी केलीच नसती.

आमच्या गटात 34 बागायतदार हाईत. येत्या शनिवारी बाजारानंतर सगळ्यांना शेडवर बोलावलंय. पुतण्याला काम लावलंय, मसुदे दर सोमवारी बघायचे आणि द्राक्षाचं काही दिसलं की ग्रुपवर औषधाचं नाव आणि तारीख टाकायची. निवेदन मराठीत मी लिहितो. बाई, तुम्ही इंग्रजी करून द्याल का?

मिरजेच्या_बाई
नक्की. शनिवारी मीच येते सावळजला, समोर बसून करू. वह्या काढून ठेवा.

मांजरीचा_पाहुणा
मी पण येतो. कवठ्याला घरी यायचंच आहे.

सावळजचा_बागायतदार
या या. जेवायलाच या, आणि जाताना बेदाणा घेऊन जायचा.